काट्यावरचं वजन, पाण्यातलं वजन

मुंबईहून अंदमानला डायव्हिंगसाठी निघालेल्या माणसाला पहिली अडवणूक समुद्र करत नाही, विमानतळावरचा काटा करतो. देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या १५ किलो सामान पोटात घेतात आणि ७ किलो हातात. आता हिशेब मांडू. सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारा रेग्युलेटरचा संच सुमारे ३ किलो. पाण्यात हवं तिथं तरंगत ठेवणारं जाकीट, म्हणजे बीसीडी, ३ ते ४ किलो. तीन मिलिमीटर जाडीचा वेटसूट दीड-दोन किलो. पायातल्या बुटीज अर्धा-पाऊण किलो. मास्क, डाइव्ह कॉम्प्युटर, टॉर्च मिळून एक. जुन्या पद्धतीच्या जड रबरी फिन्स असतील तर त्या ३ किलोंच्या पुढे. हे सगळं ज्या बॅगेत बसायचं ती बॅग स्वतःच तीन किलोंची. कपडे अजून कपाटातच आहेत आणि १५चा आकडा मागे पडलेला आहे.

मग काय घरी ठेवायचं? बहुतेकांचा हात आधी फिन्सकडे जातो. कारण उघड आहे. सगळ्या सामानात त्याच सर्वांत लांब, आडमुठ्या आणि घडी न होणाऱ्या. डाइव्ह सेंटरवर भाड्याच्या मिळतातही, बहुतेक ठिकाणी डाइव्हच्या पैशांतच धरलेल्या असतात. माझं मत याच्या नेमकं उलट आहे. चांगल्या सेंटरचा रेग्युलेटर निगा राखलेला असतो आणि तो कुणाच्याही तोंडात सारखंच काम करतो. सिलिंडर आणि बुडण्यासाठी कंबरेला बांधायचं शिसं तर तिथलंच घ्यायचं असतं. पण चेहरा आणि पाऊल ज्याचं त्याचं. मास्क आणि फिन्स या दोन गोष्टी स्वतःच्या असाव्यात, आणि १५ किलोंत जागा करायची तर ती जाकीट नाहीतर रेग्युलेटर मागे ठेवून करावी.

प्रश्न उरतो, प्रवासाला कुठल्या फिन्स चांगल्या. दुकानात विचारलं तर उत्तर मिळतं ते हलकेपणाचं आणि आखूडपणाचं. ते अर्धंच उत्तर आहे. फिनचं वजन दोनदा मोजावं लागतं. एकदा विमानतळाच्या काट्यावर, एकदा पाण्यात. हे दोन आकडे वेगळे असतात आणि त्यांचं एकमेकांशी नातं वाटतं तितकं सरळ नसतं. डायव्हरच्या पायांचं, कंबरेचं आणि खाली पसरलेल्या प्रवाळाचं भलं-बुरं दुसऱ्या आकड्यावर ठरतं.

फिन्स जड का झाल्या हे त्यांच्या इतिहासात आहे. पायाला काही बांधून पोहावं ही कल्पना जुनी. बेंजामिन फ्रँकलिन यांनी लहानपणी हातांत धरायच्या लाकडी फळ्या आणि पायांना वहाणांसारखे तुकडे बांधून पाहिले होते. हातांतल्या फळ्यांनी वेग वाढला, पण मनगटं दमली. पायांतल्यांनी त्यांचं समाधान झालं नाही. खरी रबरी फिन आली ती फ्रेंच नौदलातले अधिकारी लुई द कोर्ल्यू यांच्याकडून. त्यांनी १९३३ साली तिचं पेटंट घेतलं. १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये शिडाच्या बोटींच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवणारे अमेरिकेचे ओवेन चर्चिल यांनी त्यांच्याकडून परवाना घेऊन १९४०पासून अमेरिकेत फिन्स विकायला सुरुवात केली. पाठोपाठ दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या डायव्हरनी त्या उचलल्या. युद्धात तुर्कस्तानच्या बंदरांत शत्रूच्या मालवाहू जहाजांना सुरुंग लावणारे इटलीचे लुईजी फेर्रारो यांनी पुढे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला क्रेस्सी कंपनीसाठी ‘रोंदिने’ घडवली. टाच आणि पाऊल पूर्ण आत घेणारी, बुटासारखी घालायची फिन ती हीच. आज मालदीवच्या कुठल्याही रिसॉर्टवर ज्या फिन्स रांगेत दिसतात त्या तिच्याच वंशातल्या.

तरी जडपणाचं प्रतीक म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती जेटफिन. जॉर्ज बूशा यांनी ती १९६४च्या सुमारास फ्रान्समध्ये आणली. रुंद, आखूड, काळी, अखंड रबराची आणि पात्याला आरपार झरोके असलेली. स्कूबाप्रो ही कंपनी आजही ती विकते आणि थंड पाण्यात, बुडालेल्या जहाजांच्या पोटात किंवा गुहांत उतरणारे लोक आजही ती आवडीने घालतात. त्यांच्या दृष्टीने त्यात चूक काही नाही. थंड पाण्यासाठीच्या ड्रायसूटमध्ये हवा असते, ती पायांकडे धावते आणि पाय वर तरंगू लागतात. अशा वेळी घोट्याखाली भार असलेला बरा. आपल्याकडचं पाणी बहुतेक हंगामात २७ ते ३० अंशांचं, अंगात पातळ वेटसूट. इथे तो भार कुणाशी तोल साधणार?

हे घरच्या घरी तपासता येतं आणि प्रत्येकाने ते तपासावं असं मला वाटतं. मोठा टब घ्यायचा, त्यात लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ विरघळवायचं. समुद्राच्या पाण्याचा खारटपणा साधारण तेवढाच. मग एक फिन आडवी सोडायची आणि बोटाने पावलाच्या खिशात अडकलेले बुडबुडे काढून टाकायचे. हे विसरलं तर निकाल खोटा येतो. अखंड रबराची फिन थेट तळाला जाते आणि तळावर आपटल्याचा आवाज येतो. पॉलिप्रॉपिलीनचं पातं आणि मऊ प्लॅस्टिकचा खिसा असलेली फिन बहुधा एका टोकाने वर राहते, दुसऱ्या टोकाने किंचित खाली झुकते. पातं उचललं जातंय की टाच, हेही बघून ठेवावं. काही फिन्स मधोमध लटकतात, वरही नाहीत आणि खालीही नाहीत. उबदार पाण्यातल्या बहुतेक डायव्हरना त्याच सोयीच्या.

यामागचं गणित सोपं आहे. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५, पॉलिप्रॉपिलीनची ०.९च्या आसपास. म्हणून ते तरंगतं. फिनसाठी वापरतात त्या भरीव रबराची घनता पाण्याहून जास्त, समजा १.१५. अशा रबराच्या ३ किलोंच्या जोडीचं आकारमान सुमारे २.६ लिटर, म्हणजे ती जवळपास २.६७ किलो समुद्राचं पाणी बाजूला सारते. उरलेले ३३० ग्रॅम पाण्यात पायांना ओढतात. त्यात टाचेला पोलादी स्प्रिंगचे पट्टे लावले आणि त्यांचं वजन २०० ग्रॅम धरलं, तर पोलाद पाण्याच्या जवळपास आठपट घन असल्यामुळे त्यातले पावणेदोनशे ग्रॅम पाण्यातही शिल्लक राहतात. म्हणजे काट्यावर सव्वातीन किलो दिसणारी जोडी पाण्यात अर्धा किलो. एवढ्याशा अर्ध्या किलोचं काय, असं वाटेल. पण तो अर्धा किलो शरीराच्या अगदी टोकाला आहे. शरीराच्या मध्यापासून ९० सेंटिमीटरवर टांगलेला अर्धा किलो तरफेच्या नियमाने ४५ सेंटिमीटरवर ठेवलेल्या एक किलोइतकं काम करतो. पाय खाली जातात, डोकं वर येतं आणि आडवा पोहायला हवा तो माणूस तिरका होतो.

तिरका माणूस पाय मारतो तेव्हा पाणी मागे जाण्याऐवजी खाली ढकललं जातं. माणूस वर सरकू लागतो. मग तो जाकिटातली हवा सोडतो, पुन्हा जड होतो, पुन्हा पाय मारतो. अशा रीतीने नव्या डायव्हरची हवा चाळीस मिनिटांच्या आतच संपते आणि दोष त्याच्या श्वासाला दिला जातो. तळाशी वाळू असेल तर ती उधळते, मागून येणाऱ्याला काही दिसत नाही. तळाशी प्रवाळ असेल तर तुटतो. कॅरिबियनमधल्या सेंट लुसिया बेटावर डायव्हरच्या मागोमाग पोहून केलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रवाळाला झालेल्या स्पर्शांपैकी सुमारे ८० टक्के फिन्सचे होते. हातांचे, गुडघ्यांचे, लोंबत्या नळ्यांचे सगळे मिळून उरलेले. डायव्हरला आपलं पाऊल कुठे संपतं ते माहीत असतं, फिन कुठे संपते ते नसतं. त्याच्या लेखी तो स्पर्श झालेलाच नसतो.

मालवणला पर्यटकांना बहुतेक वेळा फिन्स घालायला देतच नाहीत, त्यामागेही हेच आहे. दांडीच्या किनाऱ्यावरून होडी निघते, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला उभी राहते, प्रशिक्षक पाहुण्याच्या पाठीवरचं सिलिंडर हातात धरून त्याला खाली नेतो आणि पोहायचं सगळं काम तोच करतो. प्रशिक्षण न झालेल्या पायांत पातं दिलं तर पाहुणा प्रशिक्षकाच्या मास्कवर लाथ मारेल, नाहीतर खडकावर. हे खडक मालवणच्या सागरी अभयारण्याच्या परिसरातले आहेत. १९८७ साली ते घोषित झालं, क्षेत्र २९ चौरस किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे स्कूबा केलेल्या हजारो मराठी माणसांच्या पायात फिन कधी गेलेलीच नाही. पुढे तारकर्लीच्या एमटीडीसीच्या संस्थेत, गोव्यात किंवा अंदमानात तीन-चार दिवसांचा कोर्स केल्यावर ती पहिल्यांदा पायात येते आणि पाठोपाठ खरेदीची हौस येते. नेमक्या या क्षणी, एकही सफर स्वतंत्रपणे न केलेल्या माणसाला सर्वांत लांब आणि सर्वांत कडक पात्याची जोडी विकली जाते. ताकद जास्त म्हणजे फिन चांगली, हा समज फार खोलवर रुजलाय.

पाण्यात ताकदीचा भाव फार चढा असतो. वेग दुप्पट केला तर पाण्याचा विरोध चौपट होतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती आठपट. म्हणून कडक पात्याने दुप्पट वेगाने जायचं ठरवलं तरी पोटऱ्या ते फार काळ चालू देत नाहीत. पोटरीत गोळा येतो, पाण्याखाली थांबून फिनचं टोक स्वतःकडे ओढून पाय ताणावा लागतो. शांत पाण्यात, मासे बघत, मिनिटाला दहा-पंधरा मीटर सरकणाऱ्याला मध्यम लवचीक पातं पुरतं. दुकानात एक साधी चाचणी करावी. खिसा एका हातात घट्ट धरून दुसऱ्या हाताने पात्याचं टोक दाबायचं. पातं खिशाजवळून सुरू होऊन टोकापर्यंत एकसारखी कमान घेत वाकलं पाहिजे. फक्त टोक दुमडलं तर मागचं अर्धं पातं नुसतं ओझं आहे. पातं तसंच ताठ राहून खिसाच चुरगळला तर पायाची ताकद पात्यापर्यंत पोचतच नाही. हलक्या म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त फिन्समध्ये हा दुसरा दोष फार आढळतो.

मधून चिरलेल्या पात्याच्या फिन्स, स्प्लिट फिन्स, १९९०च्या दशकाच्या शेवटी आल्या आणि गुडघे दुखणाऱ्यांना वरदान ठरल्या. पाय भराभर आणि हलके हलवत राहायचे, बस. पण त्यांनी बेडकासारखी किक नीट बसत नाही, मागे सरकता येत नाही आणि जागच्या जागी वळणं अवघड जातं. ज्याला गुडघ्याचा त्रास आहे त्याने त्या जरूर घ्याव्यात. बाकीच्यांनी आधी फ्रॉग किक शिकावी. या किकमध्ये तळवे एकमेकांकडे येतात, पाणी सरळ मागे फेकलं जातं, खालची वाळू जागेवर राहते. मालवण असो, मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट असो किंवा गोव्याचं ग्रँड आयलंड, पश्चिम किनाऱ्यावर पाणी बरेचदा गढूळच असतं. तिथे ही किक सोन्याच्या मोलाची. आणि तिच्यासाठी आखूड, रुंद, जरा ताठ पातं उत्तम. प्रवासाला सोयीचं पातंही तेच, हा सुखद योग आहे.

आखूड म्हणजे किती? हातातल्या बॅगेची ठरलेली मापं ५५, ३५ आणि २५ सेंटिमीटरच्या आसपास असतात. त्या पेटीचा सर्वांत लांब कर्ण, म्हणजे एका खालच्या कोपऱ्यापासून समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर, जेमतेम ७० सेंटिमीटर येतं. ६५ सेंटिमीटरची नेहमीची फिन त्यात बसायला हवी, असं कागदावर वाटतं. बसत नाही. फिनला २० सेंटिमीटरहून जास्त रुंदी आहे, तिचं टोक कोपऱ्यात शिरत नाही. व्यवहारात ५५च्या आतली फिनच हातातल्या बॅगेत सरळ राहते. स्नॉर्केलिंगसाठीच्या ४० ते ४५ सेंटिमीटरच्या फिन्स बसतात झकास, पण पाठीवर सिलिंडर आणि समोर प्रवाह असला की त्या उपयोगाच्या नाहीत. ५२ ते ५५ या पट्ट्यात शोध घ्यावा. लहान पावलांच्या लोकांना तो सहज सापडतो, कारण फिनची लांबी मापाबरोबर वाढते. दहा नंबरचा पाय असेल तर ती हातातल्या बॅगेत नेण्याचा नाद सोडावा आणि मोठ्या बॅगेच्या लांबीशी फिन जुळवावी. श्वास रोखून बुडणाऱ्या फ्रीडायव्हरच्या लांबलचक कार्बन फिन्स हा वेगळाच विषय आहे. त्यांना स्वतंत्र पिशवी लागते आणि विमानात पाठवताना धाकधूक असते.

आता बुटीजचा वाद. टाच बंद असलेली फिन अनवाणी पायावर चढते, बुटीज लागत नाहीत, तिचं स्वतःचंही वजन कमी. एका फटक्यात किलो-दीड किलो वाचतात आणि परतीच्या दिवशी ओल्या, वास मारणाऱ्या बुटीज प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबाव्या लागत नाहीत. सगळ्या डाइव्ह बोटीवरून असतील तर यापेक्षा चांगला उपाय नाही. मालदीवचं असंच असतं. सी-प्लेनने बेटावर जायचं तर सामान २० किलो आणि हातात ५, तेव्हा तिथे हा हलकेपणा कामाला येतो.

पण किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं असेल तर हीच फिन अंगाशी येते. कोकणातल्या खडकांवर कालवं असतात. कालवाचं कवच पायाला लागलं तर ब्लेडसारखी चीर पडते आणि खाऱ्या पाण्यात ती लवकर भरत नाही. पुढचे दोन दिवस फिन घालणं अशक्य. बालीच्या तुलांबेनला मराठी डायव्हर हल्ली पुष्कळ जातात. जानेवारी १९४२मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने घायाळ झालेलं अमेरिकेचं ‘लिबर्टी’ जहाज ओढून तिथल्या किनाऱ्याला लावलं होतं. १९६३ साली अगुंग ज्वालामुखी जागा झाला आणि त्या धक्क्यात ते पाण्यात सरकलं. ते बघायला बोट लागत नाही, पण वाटेत लाटांखाली गडगडणारे, मुठीपासून कलिंगडाएवढे काळे गोटे आहेत. तिथल्या बायका डोक्यावर सिलिंडर घेऊन त्या गोट्यांवरून झपझप चालतात. आपल्याला पाठीवर ओझं घेऊन, घोटे सांभाळत पाण्यात जायचं असतं आणि कंबरभर पाण्यात पोचल्यावर, एका पायावर तोल धरून, पुढची लाट येण्याआधी फिन चढवायची असते. इथे जाड तळव्याची बुटी आणि टाच उघडी असलेली फिनच हवी. आखूड पात्याचा फायदा इथे पुन्हा दिसतो, लांब पातं वाऱ्यावर फडफडणाऱ्या शिडासारखं हातातून निसटू बघतं.

या दोन्हींच्या मधली एक वाटही आहे. काही कंपन्या उघड्या टाचेच्या, पण अनवाणी घालता येतील अशा मऊ खिशाच्या फिन्स बनवतात. स्कूबाप्रोची ‘गो’ मालिका त्यातली. बोटीवर अनवाणी, किनाऱ्यावर चालायला साध्या सँडल. मात्र अशा फिनचं माप अनवाणी पावलाचं असतं, त्यात नंतर बुटी शिरत नाही. विकत घेताना आपण पुढची चार वर्षं कुठे उतरणार आहोत याचा विचार करूनच हा निर्णय घ्यावा.

बोटीवर परत चढतानाही फिनची परीक्षा होते. अंदमानच्या लाकडी डुंगीला किंवा मालवणच्या होडीला बाजूने लोखंडी शिडी लावलेली असते. बोट लाटेबरोबर वर-खाली होत असते, शिडीची खालची पायरी कधी पाण्याबाहेर येते तर कधी हातभर खोल जाते. वरून हाक येते, “आदी फिन काडा, मगे वर येवा!” एका हाताने दोरी किंवा शिडी धरायची, गुडघा वाकवून पाय दुसऱ्या हाताजवळ आणायचा, टाचेचा पट्टा ओढून फिन काढायची आणि वर द्यायची. मग दुसरी. बोटं पाण्याने मऊ पडलेली असतात. जुन्या पद्धतीचं बकल इथे रुसतं. वाळूचा कण अडकला की उघडत नाही. स्प्रिंगचा किंवा बंजी दोरीचा पट्टा, ज्याला टाचेमागे अंगठा घालायला मोठी कडी असते, तो एका हिसक्यात निघतो. माझ्या मते कुठल्याही उघड्या टाचेच्या फिनवर पहिला खर्च हाच करावा. त्यातही प्रवासी माणसाने बंजी निवडावी. ती स्प्रिंगहून हलकी, गंजत नाही आणि पाण्यातला भारही वाढवत नाही. बंजी उन्हाने आणि मिठाने काही वर्षांत सैल पडते, मग बदलायची. कडीपाशी दोरीचं कापड विसविशीत दिसू लागलं की ती वेळ आली. जादा पट्टा कायम बॅगेत असावा. त्याचं वजन नगण्य आणि तो नसेल तर हजारो रुपयांची सफर बोटीवर बसून काढावी लागते.

शिडीखाली आणखी एक गोष्ट घडते. फिन हातातून सुटते. तरंगणारी असेल तर कुणीतरी उडी मारून आणतो. बुडणारी असेल आणि खाली तीस मीटर पाणी असेल तर ती गेली. रबरी फिनची बाजू घेणारे हा मुद्दा सहसा काढत नाहीत.

मग हलकी, तरंगती फिन हीच सगळ्यांसाठी? तसंही नाही. काही जणांचे पाय उपजतच वर उचलले जातात, बायकांमध्ये हे जास्त दिसतं. आपल्याकडे वापरतात ती अॅल्युमिनियमची सिलिंडरं डाइव्हच्या शेवटी, हवा संपत आली की, स्वतःच दीड-दोन किलोंनी तरंगू लागतात. सिलिंडर पाठीवर खाली सरकवून बांधलं असेल तर ते कंबर आणि पाय वर ओढतं. अशा माणसाला शेवटच्या थांब्यावर, पाच मीटरवर तीन मिनिटं स्थिर राहताना, किंचित बुडणारी फिन मदत करते. म्हणून आधी कोर्सच्या वेळी प्रशिक्षकाला सांगावं की मला पाण्यात हातपाय न हलवता पडून राहू द्या आणि माझे पाय खाली जातात की वर येतात ते बघा. एका मिनिटात उत्तर मिळतं. पाय खाली जात असतील तर शिशाचे एक-दोन तुकडे कंबरेच्या पट्ट्यावरून काढून सिलिंडरच्या वरच्या पट्ट्यावर लावूनही तोल सुधारतो. नव्या फिन्स घेण्याआधी हा फुकटचा उपाय करून पाहावा.

प्रवाहाचा मुद्दा उरतो. मालदीवच्या प्रवाळद्वीपांमधल्या खाचांतून, तिथल्या भाषेत कंडूंतून, भरती-ओहोटीचं पाणी नदीसारखं वाहतं. बालीजवळच्या नुसा पेनिदाला, जिथे जुलै ते ऑक्टोबर मोला मोला मासा बघायला झुंबड उडते, प्रवाह खालीही ओढतो. तिथे लिबलिबीत आखूड फिन घेऊन जाणं धोक्याचं. पण तिथेही प्रवाहाविरुद्ध पोहत राहणं हा बेत नसतोच. प्रवाहाबरोबर जायचं, खडकाच्या आडोशाला थांबायचं, तळाशी लगटून सरकायचं असतं. लागते ती अर्ध्या मिनिटाची झेप, आडोशापर्यंत पोचण्यापुरती. आखूड पण ताठ, कडांना जाड पन्हळी असलेलं पातं ती देतं. अशा जाती आता प्लॅस्टिक-रबराच्या मिश्रणात मिळतात, जेटफिनच्याच घडणीच्या पण वजनाला बऱ्याच कमी. ज्याला एकच जोडी परवडते आणि मालवण, अंदमान, मालदीव सगळीकडे न्यायची आहे, त्याने याच जातीत बघावं: उघडी टाच, बंजीचा पट्टा, लांबी ५५च्या आसपास, जोडीचं वजन दोन किलोंच्या आत आणि मिठाच्या पाण्यात मधोमध लटकणारी.

माप बघताना बुटी घालूनच बघावं आणि शक्यतो संध्याकाळी, दिवसभर चालून पाऊल थोडं सुजलेलं असताना. आपल्याकडे बऱ्याच लोकांचा चवडा रुंद असतो. युरोपातल्या साच्यांवर घडलेले काही खिसे लांबीला बरोबर येतात पण करंगळीला दाबतात. दुकानात पाच मिनिटांत जे बोचतं ते पाण्यात पंचेचाळीस मिनिटांनी फोड आणतं. पाय हवेत उचलून झटकावा. टाच हलता कामा नये, बोटांना मात्र जरा जागा असावी.

भरण्याची रीत अशी. मोठ्या बॅगेत दोन्ही फिन्स दोन बाजूंना, पात्यांच्या पाठी बाहेर करून उभ्या लावाव्यात. त्यांच्या ताठपणामुळे मधला रेग्युलेटर आणि कॉम्प्युटर चेपत नाहीत. खिशांत मोजे, टी-शर्ट कोंबावेत. त्यामुळे जागाही वापरली जाते आणि खिसा चपटा होऊन बसत नाही. पातं वाकवून बॅगेत दाबणं मात्र कटाक्षाने टाळावं. प्लॅस्टिकला एकदा बाक आला की तो राहतो, आणि उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत तर काही तासांतच येतो. घरी फिन्स टोकांवर उभ्या ठेवल्या तरी तेच होतं. आलेला बाक काही वेळा कोमट पाण्यात ठेवून, सपाट जागी वजनाखाली वाळवून बराचसा जातो. रबराचा लवकर, प्लॅस्टिकचा कमी. परतीच्या आदल्या दिवशी दुपारनंतर डाइव्ह ठेवू नये. विमानप्रवासाआधी शरीरातला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून अनेक डाइव्ह केलेल्याने किमान १८ तास थांबायचंच असतं. त्याच वेळात फिन्स गोड्या पाण्यातून काढून सावलीत वाळतात.

भाड्याच्या फिन्सबद्दल एक तक्रार मात्र नोंदवायलाच हवी, कारण स्वतःच्या फिन्स घेणं प्रत्येकाला जमत नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या पुष्कळ केंद्रांत मोठी मापं रांगेने असतात आणि लहान माप एखाद-दुसरं. पाच नंबरचा पाय असलेल्या मुलीला आठ नंबरची फिन देऊन वर जाड मोजे घालायला सांगतात. पाण्यात मोजे भिजतात, फिन घसरते, ती बोटं आवळून फिन पकडून ठेवते आणि दहा मिनिटांत पोटरी धरते. मग तिला वाटतं, हा खेळ आपल्यासाठी नाही. कोर्सला येणाऱ्यांत मुली आता बरोबरीने असतात. केंद्रांनी तीन ते पाच नंबरांच्या दोन-दोन जोड्या जादा घेतल्या तर खर्च फार नाही. आणि कोर्सची चौकशी फोनवर करताना फी, राहणं, जेवण यांच्याबरोबर हेही विचारून घ्यावं: माझ्या मापाची फिन तुमच्याकडे आहे का, आणि असेल तर टाच उघडी की बंद?